फ्रँक व्हिटल

मोठ्या विमानतळाच्या एखाद्या दूरच्या कोपऱ्यात कधी कधी एक चमत्कारिक दृश्य पाहावयास मिळते. विमान उभे असते. त्याच्या चाकांना पुढूनमागून भक्कम ठोकळे लावलेले असतात. आत एकही प्रवासी नसतो. तरीही त्याची इंजिने अशी गर्जत असतात, की जवळ उभ्या असलेल्या माणसाने कानांवर जाड आवरणे चढवल्यावाचून तेथे थांबू नये. विमान मात्र तसूभरही पुढे सरकत नाही. काही वेळाने इंजिने शांत होतात आणि आत बसलेले यंत्रज्ञ आकड्यांनी भरलेले कागद घेऊन खाली उतरतात.

ते इंजिनाची परीक्षा घेत असतात. हे इंजिन कारखान्यातील चौथऱ्यावर आधीच चालवून पाहिलेले असते. तेथे ते उत्तम चाललेले असते. मग विमानात बसवल्यावर पुन्हा परीक्षा कशाला? गवई तंबोरा घरून जुळवून आणतो, तरी मैफलीत बैठकीवर बसला की तो पुन्हा एकदा खुंट्या पिळून पाहतो. घरातील हवा निराळी, मैफलीतील निराळी. इंजिनाचेही तसेच आहे. चौथऱ्यावर त्याला समोरून मोकळी हवा मिळते, इंधन एका स्थिर टाकीतून येते आणि परीक्षक जाड भिंतीच्या आडोशाला सुरक्षित असतात. विमानात हवेला अरुंद नळ्यांतून वाट काढावी लागते, इंधनाची टाकी विमानाबरोबर कलते, सांगाड्याचा कंप इंजिनाला आणि इंजिनाचा कंप सांगाड्याला जाणवतो. आणि या साऱ्यापासून चार हातांवर एक जिवंत माणूस बसलेला असतो.

ही परीक्षा आज नित्याची झाली आहे. ज्या काळी जेट इंजिन विमानात बसवता येईल यावरच कोणाचा विश्वास नव्हता, त्या काळी एका इंग्रज तरुणाने आपले सारे आयुष्य या एका परीक्षेसाठी पणास लावले. फ्रँक व्हिटल हे त्याचे नाव.

व्हिटलचा जन्म १ जून १९०७ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या गावी झाला. त्याचे वडील मोझेस व्हिटल हे कुशल कारागीर होते. हाती पैसा बेताचा. परंतु डोक्यात सदैव काही ना काही यंत्राची कल्पना घोळत असे. फ्रँक नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब लेमिंग्टन या गावी राहावयास गेले आणि वडिलांनी तेथे इंजिनाच्या झडपा व कडी बनवणारा एक लहानसा कारखाना विकत घेतला. फ्रँकचे पहिले विद्यालय म्हणजे हा कारखानाच. शाळेतून आला की तो कातयंत्रापाशी उभा राही आणि केलेल्या कामाप्रमाणे वडील त्याच्या हातावर काही नाणी ठेवीत. पुढे कारखाना नीट चालेना. घरात ओढाताण सुरू झाली. तेव्हा फ्रँकला गावातील सार्वजनिक वाचनालयाचा आधार मिळाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा तेथील विमानविद्येची आणि वाफेच्या टर्बाइनची पुस्तके त्याला अधिक प्रिय होती.

विमानदलात शिरावयाचे हा त्याचा निश्चय ठरलेला होता. पंधराव्या वर्षी त्याने तांत्रिक उमेदवारीसाठी अर्ज केला. लेखी परीक्षेत तो उत्तीर्ण झाला; पण शरीरतपासणीत नापास ठरला. त्याची उंची जेमतेम पाच फूट होती आणि छातीही तशीच बेताची. दुसरा एखादा मुलगा रडत घरी गेला असता. व्हिटलने तेथील व्यायामशिक्षकाकडून आहार आणि व्यायाम यांची माहिती करून घेतली आणि ती नेमाने पाळली. सहा महिन्यांत त्याची उंची तीन इंचांनी आणि छाती तीन इंचांनी वाढली! तरीही अधिकाऱ्यांनी त्याला घेतले नाही. एकदा अपात्र ठरलेल्याचा पुन्हा विचार करावयाचा नाही, असा त्यांचा नियम होता. मग त्याने जणू आपण पूर्वी कधी अर्ज केलाच नव्हता अशा रीतीने अगदी आरंभापासून नवा अर्ज केला आणि १९२३ मध्ये तो क्रॅनवेल येथील तांत्रिक शाळेत दाखल झाला. या क्रॅनवेलचे नाव मुलांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

तीन वर्षांच्या उमेदवारीनंतर निवडक मुलांना अधिकारी होण्यासाठी क्रॅनवेलच्याच महाविद्यालयात घेत असत. त्या वर्षी जागा पाच होत्या आणि व्हिटलचा क्रमांक सहावा आला. परंतु पहिला आलेला मुलगा शरीरतपासणीत अपात्र ठरला आणि ती जागा व्हिटलला मिळाली. ज्या तपासणीने पूर्वी त्याची वाट अडवली होती, तिनेच या वेळी ती मोकळी केली.

महाविद्यालयात प्रत्येक छात्राला एक प्रबंध लिहावा लागे. १९२८ मध्ये व्हिटलने विमानांच्या भावी प्रगतीवर प्रबंध लिहिला. त्या वेळी त्याच्या देशाची लढाऊ विमाने ताशी सुमारे १५० मैल वेगाने उडत. एकवीस वर्षांच्या या मुलाने ताशी ५०० मैल वेगाचा हिशेब मांडला. वेग वाढवावयाचा तर विमानाने फार उंच, विरळ हवेत उडले पाहिजे, कारण तेथे हवेचा विरोध कमी. पण विरळ हवेत दट्ट्याचे इंजिन धापा टाकू लागते आणि पंख्याच्या पात्यांना पकड मिळत नाही. म्हणजे नवे इंजिन हवे. ते कोणते, याचे उत्तर प्रबंधात नव्हते. ते त्याला पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, विमानशिक्षकाचे शिक्षण घेत असताना सुचले.

ती कल्पना अशी. लोहाराचा भाता हवा दाबून निखाऱ्यावर सोडतो. तसे वेगाने फिरणारे एक चक्र समोरची हवा ओढून घेऊन दाबील. ही दाबलेली हवा एका कोठीत शिरेल. तेथे इंधन फवारले जाऊन अखंड जळत राहील. तापलेला वायू प्रचंड वेगाने मागे धावेल. वाटेत त्याला पात्यांचे दुसरे चक्र लागेल; जत्रेतील कागदी भिंगरी वाऱ्याने फिरावी तसे हे चक्र फिरेल आणि एकाच दांड्यावर बसवलेले असल्यामुळे पुढच्या हवा दाबणाऱ्या चक्रालाही फिरवील. उरलेला वायू मागच्या नळीतून झोताच्या रूपाने बाहेर पडेल. हवा भरलेला फुगा तोंड न बांधता सोडला की हवा मागे जाते आणि फुगा पुढे पळतो. त्याच न्यायाने विमान पुढे जाईल. पुढे पंखा नाही, आत दट्ट्या नाहीत. एकच दांडा, आणि त्यावर दोन चक्रे.

आज हे वाचताना किती सोपे वाटते! विमानखात्यातील तज्ज्ञांना मात्र ते पटले नाही. एवढी उष्णता आणि एवढा वेग सोसणारा धातू कोठून आणावयाचा, हा त्यांचा आक्षेप होता, आणि खरे सांगावयाचे तर तो अगदीच पोकळ नव्हता. तसा धातू त्या वेळी खरोखरच हाती नव्हता. चूक एवढीच की, आज नाही म्हणून उद्याही असणार नाही, असे त्यांनी धरून चालावे. व्हिटलने जानेवारी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि एकामागून एक कारखान्यांची दारे ठोठावली. कोणीही दार उघडले नाही.

तो आपली नोकरी करीत राहिला. विमान शिकवणे आणि नव्या विमानांची परीक्षा घेणे, ही दोन्ही कामे त्याने केली. समुद्रावर उतरणारी विमाने आणि यंत्राच्या जोराने फेकली जाणारी विमाने त्याने स्वतः उडवून पाहिली. कागदावरचे विमान आणि हवेतील विमान यांत किती अंतर असते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे विमानदलाने त्याला केंब्रिज विद्यापीठात पाठवले. जानेवारी १९३५ मध्ये तो तेथे शिकत असतानाच पेटंटच्या नूतनीकरणाची वेळ आली. शुल्क होते ५ पौंड. घरी पत्नी, दोन लहान मुले आणि बेताचे वेतन. विमानखात्याने ते शुल्क भरण्याचे नाकारले. व्हिटललाही ते परवडेना. पेटंट रद्द झाले. ज्या शोधाने पुढे जगातील अंतरे अर्ध्यावर आणली, तो शोध ५ पौंडांपायी त्याच्या हातून सुटला!

त्याच वर्षी मे महिन्यात क्रॅनवेलच्या एका जुन्या सहाध्यायाचे त्याला पत्र आले. त्याला ही कल्पना आठवत होती आणि भांडवल मिळवण्याची त्याची तयारी होती. मार्च १९३६ मध्ये ‘पॉवर जेट्स’ नावाची लहानशी कंपनी उभी राहिली. आरंभी हाती आलेले भांडवल सुमारे २,००० पौंड. व्हिटल सरकारी नोकर असल्यामुळे त्याने आठवड्यातून सहा तासच या कामाला द्यावेत, अशी अट होती. ती अट त्याने किती पाळली असेल, हे वाचकांनीच ठरवावे. रग्बी गावच्या एका टर्बाइन बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात इंजिनाचे भाग तयार होऊ लागले.

१२ एप्रिल १९३७ हा पहिल्या परीक्षेचा दिवस. विमानाचा अजून पत्ताच नव्हता. ही परीक्षा कारखान्याच्या जमिनीवरची. विजेच्या मोटारीने दांड्याला फेरे दिले गेले, कोठीत ज्योत पेटवली गेली आणि मिनिटाला २,००० फेरे होताच व्हिटलने मुख्य इंधनाची झडप हळूच उघडली. क्षणभर सारे ठीक वाटले. मग इंजिनाचा आवाज एकाएकी चढू लागला. गुणगुणीची किंकाळी झाली. कोठीच्या बाहेरील पत्र्यावर लाल डाग दिसू लागले. व्हिटलने झडप बंद केली, तरी इंजिन वेग घेतच राहिले! जमलेली मंडळी जीव घेऊन पळाली. व्हिटल मात्र झडपेवर हात ठेवून जागीच उभा राहिला. ८,००० फेऱ्यांपर्यंत चढून इंजिन अखेर आपोआप मंदावले.

भूत शिरले होते की काय? मुळीच नाही. चालू करण्यापूर्वी नळ्यांतील हवा घालवण्यासाठी त्यांनी इंधनाचा पंप चालवून पाहिला होता आणि त्या वेळी गळलेले इंधन कोठीच्या तळाशी साचून राहिले होते. रॉकेलच्या स्टोव्हच्या वाटीत तेल अधिक साचले तर चावी बंद करूनही तो भडकत राहतो. आजीला विचारा, ती सांगेल. येथे झाले तेच. साचलेले इंधन वाहून जाण्यासाठी कोठीच्या तळाशी एक लहानशी वाट केली गेली. पुढच्या दिवसांत इंजिन पुन्हा उधळले, पुन्हा कारण शोधले गेले, पुन्हा काही सुधारले गेले. परीक्षा म्हणजे यश दाखवण्याचा समारंभ नव्हे. जे कागदावर कधीच दिसले नसते ते दोष उघडे पाडण्याचे ते साधन आहे, हे व्हिटल जाणून होता. म्हणूनच तो जागचा हलला नाही, असे मला वाटते. हात झडपेवर असल्यावाचून त्याला कळले नसते की, ती बंद केल्यानेही काही होत नाही.

एवढे भयंकर यंत्र मोठ्या वस्तीच्या कारखान्यात ठेवणे धोक्याचे होते. म्हणून १९३८ मध्ये हे सारे काम जवळच्या लटरवर्थ गावातील एका पडीक ओतशाळेत हलवण्यात आले. पैशाची चणचण इतकी की, मोडलेल्या इंजिनाचे धड भाग काढून त्यांतूनच पुढचे इंजिन जुळवावे लागे. कधी टर्बाइनची पाती तुटत, कधी कोठीत ज्योत नीट टिकत नसे. तरी फेऱ्यांचा आकडा चढत गेला. जून १९३९ च्या अखेरीस विमानखात्याचे वैज्ञानिक संचालक पाहणीसाठी आले असता इंजिन १६,००० फेऱ्यांनी वीस मिनिटे न डगमगता चालले. नऊ वर्षे नकार देणारे खाते त्या वीस मिनिटांत वळले. विमानात बसवता येईल असे इंजिन बनवण्याची आणि त्यासाठी एक नवे विमान बांधण्याची आज्ञा सुटली.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. व्हिटलला ठाऊक नव्हते; पण जर्मनीत हान्स फॉन ओहाइन नावाचा दुसरा तरुण याच वाटेने चालला होता. त्याला एका धनवान विमान-कारखानदाराचा आश्रय मिळाला होता. त्याच्या इंजिनावर चालणारे विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडालेही. जगातील पहिले जेट विमान ते होय. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत दुसरे महायुद्ध पेटले.

व्हिटलच्या इंजिनासाठी विमान बांधण्याचे काम ग्लॉस्टर कंपनीकडे आले. जॉर्ज कार्टर हा त्याचा रचनाकार. विमानाला धड नावही नव्हते. १९३९ मधील अठ्ठाविसावी प्रायोगिक मागणी म्हणून त्याला ‘ई. २८/३९’ म्हणत. हवेचे तोंड त्याच्या नाकातच होते. तेथून शिरणारी हवा वैमानिकाच्या दोन्ही बाजूंनी नळ्यांतून मागे जाई, त्याच्या पाठीमागे असलेल्या इंजिनात शिरे आणि झोत शेपटीतून बाहेर पडे. म्हणजे वैमानिक जणू भात्याच्या आणि भट्टीच्या मध्ये बसला होता. शत्रूच्या बॉम्बगोळ्यांच्या भीतीने या विमानाची जुळणी चेल्टनहॅम गावातील एका मोटारीच्या गॅरेजात गुपचूप झाली. रस्त्याने जाणाऱ्यांना आत काय चालले आहे याची कल्पनाही नव्हती.

उडण्यासाठीचे खरे इंजिन अजून सिद्ध व्हावयाचे होते. पण विमान तयार होते आणि वेळ दवडणे परवडणारे नव्हते. तेव्हा उड्डाणाच्या कसोटीला न उतरलेल्या सुट्या भागांतून एक जोड-इंजिन उभे करण्यात आले. त्याला ‘डब्ल्यू. १ एक्स’ असे नाव पडले. आकाशात नेण्याच्या योग्यतेचे ते नव्हते. परंतु विमानाला जमिनीवर पळवून पाहण्यास चालण्यासारखे होते.

७ एप्रिल १९४१ च्या सायंकाळी ब्रॉकवर्थच्या विमानतळावर हे विमान बाहेर काढण्यात आले. जमीन ओलसर, हिरवळीची. आत बसला होता ग्लॉस्टर कंपनीचा मुख्य परीक्षक वैमानिक गेरी सेयर. खबरदारी म्हणून इंजिनाचे फेरे १३,००० च्या वर जाऊ नयेत, असा बंदोबस्त केलेला होता. सेयरने इंधनाचा दांडा पुढे केला. आवाज तर मोठा झाला. पण विमान हालेचना! मग ते सावकाश पुढे सरकले आणि हिरवळीवर बैलगाडीच्या तोऱ्यात चालू लागले. ताशी वीस मैलांच्या आसपास, याहून अधिक वेग त्याला येईना. सेयरची निराशा झाली. एवढ्या जोरावर हे यंत्र जमीन सोडील, हे त्याला संभवनीय वाटेना.

येथे एखादा शोधक कपाळाला हात लावून बसला असता. व्हिटलच्या चेहऱ्यावर चिंता नव्हती, कारण त्याच्या डोळ्यांपुढे निराळा आलेख होता. दट्ट्याच्या इंजिनाची सवय असलेल्या वैमानिकाला वाटे की, फेरे थोडे कमी केले तर जोरही थोडाच कमी होणार. जेट इंजिनात तसे नसते. खालच्या फेऱ्यांवर त्याचा जोर अगदी क्षीण असतो. वर वर जाताना प्रत्येक वाढीव हजार फेऱ्यांगणिक तो झपाट्याने वाढतो. पर्वत चढताना अखेरच्या टप्प्यातच सारा मुलूख एकदम दिसू लागावा, तसे हे आहे. १३,००० फेऱ्यांवर जे विमान बैलगाडीसारखे चालते, तेच १६,००० वर हवेत जाईल, असे गणित सांगत होते. पण गणित सांगणे निराळे आणि विमानाने ते करून दाखवणे निराळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेऱ्यांची मर्यादा वाढवण्यात आली. त्या दिवशी व्हिटल स्वतः विमानात बसला आणि त्याने ते ताशी ६० मैलांपर्यंत हिरवळीवरून पळवले. बारा वर्षांपूर्वी सुचलेली कल्पना पाठीशी गर्जत होती आणि तिचा कर्ता तिच्यापुढे बसून तिचा जोर आपल्या पाठीवर अनुभवत होता. किती शोधकांच्या वाट्याला असा क्षण आला असेल?

मग सेयर पुन्हा बसला. या वेळी १६,००० फेऱ्यांची मुभा होती. विमानतळाच्या अगदी टोकाशी जाऊन त्याने विमान वळवले, चाकांचे रोधक आवळून धरले, इंजिनाला पूर्ण वेग दिला आणि मग रोधक सोडले. विमान धावू लागले. पाहणाऱ्यांना चाके आणि हिरवळ यांच्यामध्ये उजेडाची एक फट दिसली. ती रुंदावली. सुमारे सहा फूट उंचीवरून ते काही अंतर तरंगत गेले आणि अलगद खाली टेकले. अशा दोन-तीन उड्या सेयरने मारल्या. याहून अधिक करण्याची परवानगी नव्हती आणि त्या जोड-इंजिनावर करणे शहाणपणाचेही नव्हते. परंतु चौथऱ्याला जे कधीच विचारता आले नसते, त्या प्रश्नांची उत्तरे मिळाली होती. नाकातून वळणे घेत येणारी हवा इंजिनाला पुरते काय? पुरते. पळताना, हिसके बसताना, नाक उचलताना इंधनाचा पुरवठा तुटत नाही ना? नाही. पुढे पंखा नसलेले विमान वैमानिकाला आवरता येते काय? येते, इतकेच नव्हे, तर पंख्याचा आणि दट्ट्यांचा थरकाप नसल्यामुळे ते विलक्षण शांत वाटते.

आता उड्डाणाचे इंजिन बसवण्यात आले. चौथऱ्यावर २५ तास चालवून त्याची कसोटी झाली होती आणि त्या आधारावर हवेत अवघे दहा तास चालवण्याची परवानगी मिळाली होती. त्याचा जोर सुमारे ८६० पौंड. आजच्या मोठ्या प्रवासी विमानाच्या एका इंजिनाचा जोर याच्या शंभरपटीहून अधिक असतो! लांब धावपट्टी आणि मोकळा आसमंत हवा म्हणून विमान जेथे नेले ते ठिकाण होते क्रॅनवेल. ज्या आवारात पाच फूट तीन इंच उंचीचा एक उमेदवार अठरा वर्षांपूर्वी हातोडी-कानस चालवण्यास शिकला होता, त्याच आवारात त्याचे इंजिन आले.

१५ मे १९४१ रोजी दिवसभर आकाश ढगांनी भरलेले होते. सायंकाळी जरा उघाड पडली. पावणेआठच्या सुमारास सेयरने विमान धावपट्टीवर आणले, इंजिनाला वेग दिला आणि सुमारे ६०० यार्ड धावून विमान उचलले गेले. थोड्याच वेळात ते ढगांआड दिसेनासे झाले. खाली उभ्या असलेल्या मूठभर माणसांना आता केवळ आवाजाचा आधार होता. आवाज लांब गेला, वळला, पुन्हा जवळ आला. १७ मिनिटांनी विमान ढगांतून खाली उतरले आणि सरळ धावपट्टीवर येऊन थांबले. पुढच्या पंधरवड्यात परवानगीचे दहा तास भरेपर्यंत ते पुन्हा पुन्हा उडाले. पुढे सुधारलेल्या इंजिनांवर या इवल्याशा विमानाने त्या काळच्या नामांकित लढाऊ विमानांनाही मागे टाकले.

यानंतर कामाचा व्याप एकदम वाढला. नव्या इंजिनांची परीक्षा घेण्याची निराळीच युक्ती निघाली. वेलिंग्टन नावाच्या मोठ्या बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत एक जेट इंजिन बसवण्यात आले. विमान आपल्या नेहमीच्या दोन इंजिनांवर उंच जाई आणि तेथे गेल्यावर शेपटीतील इंजिन चालवून पाहिले जाई. ते बंद पडले तरी दोन जुनी इंजिने सर्वांना घरी आणीत. याच रीतीने, म्हणजे मोठ्या विमानाला पाहुणे इंजिन जोडून, नव्या इंजिनांची परीक्षा घेण्याचा प्रघात आजही चालू आहे.

ब्रिटनने हे गुपित अमेरिकेलाही दिले. ऑक्टोबर १९४१ मध्ये एका बॉम्बफेकी विमानातून जे इंजिन अटलांटिक महासागरापलीकडे धाडण्यात आले, ते कोणते असेल? हिरवळीवर उड्या मारलेले तेच जोड-इंजिन, डब्ल्यू. १ एक्स! ते उलगडून पाहून तेथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आपली पहिली जेट इंजिने बनवली आणि एका वर्षाच्या आत अमेरिकेचे पहिले जेट विमान उडाले. ते जमिनीवर उभे असताना कोणाला संशय येऊ नये म्हणून त्याच्या नाकावर लाकडाचा खोटा पंखा बसवून ठेवीत.

ब्रिटनची मिटिऑर ही दोन जेट इंजिनांची लढाऊ विमाने जुलै १९४४ मध्ये सेवेत आली आणि जर्मनीकडून येणाऱ्या उडत्या बॉम्बांवर त्यांनी झडप घातली. भारताच्या हवाईदलात पहिली जेट विमाने १९४८ मध्ये आली. ती व्हँपायर जातीची होती आणि पुढे ती बंगळूरच्या कारखान्यातही बांधली गेली. त्यांच्या इंजिनांतही हवा दाबण्याचे चक्र व्हिटलच्याच पद्धतीचे होते.

स्वतः व्हिटलच्या वाट्याला मात्र सुख थोडेच आले. इंजिन बनवण्याचे काम मोठमोठ्या कारखान्यांकडे गेले; त्यांच्याशी वाद झाले; दिवसरात्र काम करून त्याची प्रकृती ढासळली आणि एकाहून अधिक वेळा त्याला रुग्णालयात राहावे लागले. १९४४ मध्ये त्याची कंपनी सरकारने ताब्यात घेतली. ज्याने ते पहिले विमान उडवले, तो सेयरही ते यश फार दिवस पाहू शकला नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये एका वेगळ्याच विमानातून उड्डाण करीत असता तो बेपत्ता झाला. १९४८ मध्ये व्हिटल प्रकृतीच्या कारणाने विमानदलातून निवृत्त झाला. त्याच वर्षी त्याला सरदारकी मिळाली आणि सरकारने १ लाख पौंडांचे पारितोषिक दिले. एकेकाळी ५ पौंड नव्हते म्हणून जे पेटंट गेले होते, त्याची ही उशिरा आलेली भरपाई म्हणावी काय?

१९७६ मध्ये तो अमेरिकेत राहावयास गेला. ज्या जर्मन तरुणाशी त्याची नकळत शर्यत चालली होती, तो ओहाइनही युद्धानंतर तेथेच स्थायिक झाला होता. युद्धात एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना असलेले हे दोघे उतारवयात एकमेकांचे स्नेही झाले. १९९१ मध्ये अभियांत्रिकीतील एक मोठे पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. ऑगस्ट १९९६ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, व्हिटलचे निधन झाले. त्याच्या अस्थी क्रॅनवेलला नेण्यात आल्या.

क्रॅनवेलहून उडालेले ते लहानसे विमान लंडनच्या विज्ञान-संग्रहालयात छताखाली टांगलेले आहे. आणि उड्डाणाच्या योग्यतेचे नाही म्हणून ज्याला जमिनीवरच पळवावयाचे ठरले होते, ते डब्ल्यू. १ एक्स इंजिन अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाने जपून ठेवले आहे.